गालिच्यावरचे ढब्बूचे डाग

घरात रांगतं लेकरू आणि कुत्र्याचं पिल्लू एकाच वेळी असलं, की किस्से आठवावे लागत नाहीत. फडकं पिळायला घेतलं की एकेक निघतो. आमचं घर अमरावतीचं. माझी स्वरा रांगायला लागली म्हणून अकोल्याच्या नणंदेनं जाड गालिचा पाठवला, आणि त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी दुकानाजवळून ढब्बूला उचलून आणलं.

सासूबाईंनी आल्या आल्या सांगितलं, "पोट्टी रांगते तिथंच हे मुतते. अकोटले माझ्या भावाच्या वावरात धाडा याले."

पोरीच्या पोटाची धास्ती मलाही होतीच. पण ढब्बू समोर बसल्याशिवाय स्वरा घासाला तोंड उघडत नाही. तो गेला तर ती जेवेल कशी, ही दुसरी धास्ती.

* * *

पहिला डाग वाटीएवढा होता. मी ब्रश घेऊन जीव खाऊन घासला. तो ताटाएवढा झाला.

हे दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "काढून राहिली का पेरून राहिली?"

* * *

फिनाइल टाकायची मला भीती. स्वरा तिथंच हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "मंग साधं पाणी टाकू." आणि आंघोळीचं कढत पाणी ओतून मोकळे झाले.

वास पार अंगणापर्यंत गेला. मामाजींनी नाकाला दुपट्टा लावला आणि म्हणाले, "पहिले कच्चा होता. आता शिजला."

* * *

शेवटी मी नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "वहिनी, घासू नका. थंड पाणी शिंपडा, जुनं सुती कापड दुमडून ठेवा अन् त्याच्यावर उभ्या राहा. दाबानं सारं वर येते."

मी स्वराला कडेवर घेतलं आणि गालिच्याच्या मधोमध उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. मी हलेना.

"काय वं, नवस बोलली का काही?"

"नाही काकू, ढब्बूचं मूत जिरवून राहिली."

काकूंनी वाटी उचलली आणि विरजण न घेताच गेल्या.

* * *

त्या उपायानं डाग खरंच गेला. पण त्याच खोलीत देव आहेत. सासूबाईंचं मन मानेना. त्यांनी शुद्धीसाठी गालिच्यावर चारी कोपऱ्यांत गोमूत्र शिंपडलं.

ढब्बूनं एकेक कोपरा हुंगला. आणि एकेका कोपऱ्यावर पाय वर केला.

सासूबाईंनी तिथल्या तिथं भावाला फोन लावला. "दादा, दोरी घेऊन ये."

* * *

सासूबाईंचे भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अकोटहून आले. दोरी खुंटीला अडकवून चहाला बसले. मी स्वराला भरवायला घेतलं होतं आणि ढब्बू समोर बसला होता. हे आज शेवटचं, म्हणून मी घास मुद्दाम बारीक बारीक करत होते.

तेवढ्यात ढब्बूनं मान खाली घातली, पोट आत ओढलं आणि गालिच्यावर भडाभडा ओकला.

सासूबाई म्हणाल्या, "पाह्य दादा, हे असं आहे आमच्या घरी."

मी चमचा घेऊन धावले. ओलं असतानाच उचललं तर आत मुरत नाही. पहिला चमचा उचलला आणि थांबले. त्यात तळलेला डिंक होता. खोबऱ्याचा कीस होता. खारकेचे तुकडे होते. अर्धा लाडू तर जसाच्या तसा होता.

डिंकाच्या लाडवांचा डबा सासूबाईंच्या कपाटात असतो, आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. मलासुद्धा लाडू त्यांच्याच हातून मिळतो.

ह्यांनी चमच्याकडे पाहिलं. मामाजींनी पाहिलं. मग सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"काहून थांबली वं? उचल लवकर, मुरून जाईन," त्या मला म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "दादा, तू चहा पी अन् निघ बाप्पा. दोरी नेजो आठवणीनं."