आठ किलो मीठ

कुंदा गेल्याचा फोन शेजारच्यांकडे आला. मी ओल्या हातांनी तशीच गेले, ऐकलं, "बरं" म्हणाले आणि परत येऊन उरलेली भांडी घासली. रडू आलं नाही. हल्ली मला कशाचंच चटकन काही होत नाही, वय म्हणा, कंटाळा म्हणा... पेणच्या शाळेत आम्ही दोघींनी एकवीस वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर काढली. ती भूगोल शिकवायची, मी मराठी. ती हमरापूरकडची, मी रोज रोह्याहून एसटीने धक्के खात येणारी.

सहा वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात केनिया शिरला. मुंबईची एक संस्था हायस्कूलच्या मुलांना परदेशी डोंगरांत साहस मोहिमेला न्यायची. बारा दिवस पायी, आपलं सामान आपल्या पाठीवर, तंबूत मुक्काम. खर्चाला एक कंपनी तयार झाली. कुंदाने नववीच्या सहा मुली निवडल्या. अट एकच, सोबत दोन शिक्षिका हव्यात. "दुसरी तू," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मीही पासपोर्टसाठी फोटो काढून आले. तेव्हा हौस होती.

सरावाला पाठीवर वजन हवं, म्हणून हिने मिठागरातून मीठ आणलं. प्रत्येकीच्या पिशवीत आठ किलो, आम्हा दोघींच्याही. तिचा भाऊ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा, त्याने पिवळ्या रंगात पिशव्यांवर आमची नावं घातली. दर रविवारी खाडीच्या बांधावरून चालायचं, कधी गागोद्याच्या डोंगराकडे. पावसात मीठ पाझरायचं आणि पाठ नुसती चरचरायची. त्या सहा मुलींमधल्या हिराची आई मिठागरात कामाला होती. एकदा बांधावर आम्हाला अडवून म्हणाली, "आमी जलमभर मीठ वाह्यलं ते पोरीला वाहाया लागू नये म्हनून. नि तुमी शालेत नेऊन परत मीठच वाहायला लावता, बाय?"

"हे मीठ तिला विमानात बसवनार हाय गो," कुंदा तिच्याच बोलीत म्हणाली. बाई हसली आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी भाकऱ्या घेऊन आली.

निघायला तीन आठवडे उरले होते. मी कुंदाला सांगितलं, मला जमणार नाही, मुलाचं दहावीचं वर्ष आहे. साफ खोटं. मुलगा माझ्यावाचून मजेत अभ्यास करत होता. मी दमले होते आणि घाबरले होते. गागोद्याच्या चढावर एका रविवारी दम कोंडला, आणि वाटलं, परक्या मुलखात असं झालं तर सहा पोरींसमोर आपली शोभा होईल. बस, एवढंच. दुसऱ्या कुठल्याच बाईंकडे पासपोर्ट नव्हता, आणि तीन आठवड्यांत तो मिळणारही नव्हता. कुंदाने हातातला खडू खाली ठेवला. मग वर्गात जाऊन मुलींना म्हणाली, "तिकडे पाऊस फार झालाय. डोंगर बंद केलेत. मोहीम रद्द." मी दाराशी उभी होते. "पुढल्या वर्षी, बाई?" हिराने विचारलं. पुढल्या वर्षी त्या दहावीला गेल्या, संस्थेने दुसऱ्या शाळा घेतल्या, विषय संपला.

कुंदा मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर भांडून तरी मोकळी झाले असते. उलट दरसाल पाऊस सरला की विचारायची, "यंदा येशील केनियाला?" मी म्हणायचे, "बघू." कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा म्हणाली, "रोह्याहून गाडी थेट मंगळूरला जायला लागली, आणि तू काय गो, अजून पेणच्या पुढे सरकत नाहीस." मी हसण्यावारी नेलं. मला वाटायचं, अजून खूप वेळ आहे...

तेराव्याला हमरापूरला गेले. हिरा भेटली. आता तीही शिक्षिका आहे. "बाईंनी किती खटपट केली हो आमच्यासाठी," ती म्हणाली. "तिकडं पाऊसच आडवा आला, त्याला कोन काय करनार?" मी चहाचा कप हातात धरून गप्प बसले. सहा वर्षांपूर्वी दाराशी उभी होते तशीच गप्प. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे. हिरा, तिकडे पाऊस आडवा आला नव्हता. मी आले होते. कुंदाने मला झाकलं, आणि मी झाकून घेतलं.

निघताना कुंदाच्या भावाने आतून एक पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. पिवळ्या अक्षरांत माझं नाव. "दरसाल पावसाळा गेला की जुनं मीठ टाकून नवं भरायची," तो म्हणाला. "यंदा आजारपणात उठवत नव्हतं, तर माझ्याकडून भरून घेतलंन. म्हनली, तिचं नाव मी अजून खोडलेलं नाय."

पिशवी आता माझ्या मागच्या पडवीत खुंटीला आहे. खालची फरशी सारखी ओली होते, सारखी पुसावी लागते. काल खाली काढून पाठीला लावली. उठताच येईना. मग निम्मं मीठ डब्यात काढलं, पुन्हा लावली, आणि भिंतीला धरून उभी राहिले. रोहा स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. पाठ चरचरत होती.