चौकातली मोकळी जागा

बेटेगावच्या मागच्या पाड्यांवर लग्न ठरलं की पहिला निरोप भगताकडे जायचा आणि दुसरा नवसीकडे. लग्नाचा चौक भिंतीवर काढायचं काम सवाशिणींचं. सवाशिणी पाड्यावर ढीगभर होत्या, पण रेघ नवसीची. तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या पाण्यात चावून मऊ केलेली बांबूची काडी बुडवून ती बसली, की दुपार कलली तरी तिचं तिला भान नसायचं. आधी चौकट, मग बाहेर झाडं, ताडावर चढणारा माणूस, घोड्यावर नवरा-नवरी. सगळ्यात शेवटी, चौकाच्या मधोमध, पालघट देवी. ती मात्र अशीच काढायची नाही. लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणून देवीला बोलावते, तेव्हाच काडी मधे न्यायची. आणि एकदा देवी बसली की ते लग्न कुणाच्या बापाला मोडता येत नाही.

बाकीच्यांच्या भिंती भरणाऱ्या नवसीच्या स्वतःच्या पोरीचं लग्न मात्र राहिलं होतं.

तशी त्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हती. वारल्यांत चालतं ते. पोरगा-पोरगी एकत्र राहायला लागतात, पोरं होतात, मग कधीतरी पीक बरं आलं की लग्न लावून घेतात. आईबापाच्या लग्नात पोरंच नाचतात. नवसीचं स्वतःचं तसंच झालं होतं. तिच्या चौकासमोर हीच पोरगी, चिमी, रांगत होती आणि घोड्याचं शेपूट पुसून बसली होती. म्हणून चिमी चिंतूसोबत सालवडला राहायला गेली तेव्हा कुणी काही बोललं नाही. चिंतू तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात लागला होता. त्याचे हात कधी पिवळे, कधी किरमिजी. धुऊन जायचे नाहीत. चिमी हसून म्हणायची, "आमच्या घरात होळी बाराही महिने."

दोन पोरं झाली. चिंतू कारखान्यात कायम झाला. दर वर्षी माघ आला की चिंतू म्हणायचा, "पुढच्या माघात बगू."

आणि त्या वर्षी भाताला पिवळेपणा येत होता तेव्हा नवसीची बहीण बायडी बोईसरच्या बाजारातून भारा विकून आली ती तोंड पाडूनच.

"बाय, तुला सांगू का नको?"

"सांग की. काय मेलाबिला कोन?"

"चिंतूची आय जिवली पालघरकडं पोरी बगते."

"कोनासाठी?"

"चिंतूसाठी गे. बोलते, आमच्या पोऱ्याचं लगीन कठं झालाय? ज्या पोरीच्या बापाची जमीन हाय तिला घरात आनू."

नवसीच्या हातातला विळा थांबला. जिवलीच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. लग्न झालंच नव्हतं.

नवसीला भांडता यायचं नाही. तिला रेघ काढता यायची. दिवाळी तोंडावर आली होती आणि तिनं ठरवलं की यंदा घरच्या सगळ्यांना चित्रं द्यायची. भिंतीवर नाही, कागदावर. डहाणूकडची माणसं कागदावर काढून मुंबईला देतात हे तिनं ऐकलं होतं. शिवाय सालवडच्या खोलीला चुन्याची भिंत, आणि खोलीवाला साधा खिळा ठोकला तरी खेकसायचा. तिथं भिंतीवर कोण काढू देणार?

तिनं बोईसरहून जाड खाकी कागद आणवला. शेण-गेरूनं सारवून तो अंगणात वाळत घातला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. तिचा नवरा बुधा खाटेवर विडी ओढत बघत होता.

"कागदावर? उंदरांना दिवाळी घालतेस का?"

"तुला देनारच नाय, तू कशाला बोलतोस?"

"मना नको बाय. मी तर तुज्या चित्रातल्या ताडावरून उतरलेलोच नाय अजून."

भाऊ सुका दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचा. त्याच्यासाठी तिनं छोटं चित्र काढलं, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसं, गुंडाळून ट्रंकेत नेता येईल असं. बायडीला भाताची मळणी. बायडीनं चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "यातली मी कोनती?" नवसीनं सगळ्यात जाड बाई दाखवली. दोघी हसून हसून लोळल्या. नवसी त्यानंतर फार दिवस तशी हसली नाही.

चिमीसाठीचा कागद सगळ्यात मोठा होता. त्यावर तिनं चौक काढला. पाण्यात डिंक घातला होता, पांढरा नीट धरावा म्हणून. चौकटीची नक्षी दुहेरी. झाडांवर माकडं. घोड्यावर चिंतू आणि चिमी, आणि घोड्यामागे धावणारी दोन लहान पोरं, जी कुठल्याच चौकात नसतात. मधली जागा तिनं मोकळी ठेवली. गाण्याशिवाय देवी काढायची नाही, हे एक. आणि दुसरं, तिला सांगायचं होतं तेच होतं: सगळं तयार हाय बाबांनो, एवढी जागा भरा. जावई बघेल, त्याला आपसूक समजेल, बोलावं लागणार नाही, असा तिचा हिशेब.

दिवाळीतल्या वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी ती चित्राची गुंडाळी, उकडलेले करांद्याचे कंद आणि काकडीची पानात भाजलेली भाकर घेऊन सालवडला गेली. जिवली आधीच येऊन बसली होती, दाराच्या तोंडाशी, पाय पसरून, येणाऱ्यानं ओलांडूनच आत जावं अशी. चिंतू पाळी संपवून नुकताच आला होता. त्या दिवशी त्याचे हात निळे होते.

चिमीनं गुंडाळी सोडली आणि भिंतीशी धरली. पोरं ओरडली, "घोडा! घोडा!" चिंतूही पुढं आला. घोड्यामागची पोरं पाहून त्याचा चेहरा सैल झाला. तो हसणार तेवढ्यात जिवली उठली. चित्राजवळ गेली. मधल्या जागेवर तिनं तळहात ठेवला.

"इथं देवी कठं हाय?"

"ती लगनात बसंल, विहीणबाय," नवसी म्हणाली.

"बगितलंस?" जिवली पोराकडं वळली. "मी बोलले तर तू मना बोलतोस. आता हिची आयस काय बोलते ते बग. हिच्या आयशीनंच रिकामा चौक काडून धाडलाय. तिच्या हाताला पन देवी आली नाय. अर्ध्या तालुक्याचे चौक भरले हिनं, नि पोटच्या पोरीच्या चौकात देवी बसंना! मग हे लगीन देवीलाच नको. आनखी काय सांगू?"

मोकळी जागा नवसीनं विनंती म्हणून ठेवली होती. तीच जागा जिवलीनं नकार म्हणून वाचली, आणि दोन्ही सारखंच खरं दिसत होतं. नवसीनं चिंतूकडं पाहिलं. तो आपल्या निळ्या बोटांकडे बघत होता.

"चिंतू, तू बोल ना," चिमी म्हणाली.

"बोलायचं काय त्यात... माघात बगू."

"कोनत्या माघात?"

चिंतू बोटांवरचा निळा रंग खरवडत राहिला.

चिमी तरातरा चुलीकडे गेली. वाटीत तांदळाचं पीठ घेतलं, पाणी ओतलं, बोटानं ढवळलं आणि वाटी आईपुढं ठेवली. झाडूतली एक काडी मोडून दातांनी चावली आणि तीही आईच्या हातात दिली.

"काड आये. आता काड. देवी बसव. मग बगते कोन मोडतो."

जिवली दोन पावलं मागं सरली. नवसीचा हात उठला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. चिंतू भित्रा होता, पण देवीला भिणारा होता. नवसीनं काडी बुडवली. टोकाला पांढरा थेंब जमला. तो पडायच्या आत तिनं काडी वाटीत परत ठेवली.

"नाय बाय. गानं नाय, धवलेरी नाय. भांडनात देवी आनायची नाय. बसली तरी ती तुला सुख देनार नाय."

"मना सुख नको, घर पायजे."

"चिमे..."

"साऱ्या गावाच्या पोरींसाठी तुजा हात चालतो," चिमी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "माज्याच येळी सुकला. जा तू. अंधार पडंल."

नवसी परत निघाली. करांद्यांची पिशवी तशीच दारात राहिली.

पुढचं नवसीला कळलं ते बायडीकडून, तुकड्या-तुकड्यांनी. चिमीनं चित्र फाडलं नाही. तिनं ते खळ लावून खोलीच्या दारावर चिकटवलं, बाहेरच्या बाजूनं. सालवडची चाळ म्हणजे नाना देशांची माणसं; जाता-येता ज्याची त्याची नजर जायची. शेजारचा वेल्डर पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाभी, बहुत बढ़िया। मगर बीच में जगह काहे छोड़ी है?"

"चिंतूला पूछो," चिमी म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

त्यानं चिंतूला विचारलं. मग पाण्याच्या नळावर दुसऱ्यानं विचारलं. मग कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटताना, कुणीतरी ओरडलं, "अरे चिंतू, तेरा बीचवाला भरा कि नहीं?" चहाच्या टपरीवर तो दिसला की माणसं बोटानं हवेत चौकोन काढायची. जिवलीनं एकदा चित्र ओढायला हात घातला, तर चिमीनं दोन्ही पोरं पुढं उभी केली. "आधी यांना ओड." जिवली त्याच आठवड्यात आपल्या पाड्यावर निघून गेली. पालघरच्या पोरीकडच्यांच्या कानावरही दारावरच्या चौकाची गोष्ट गेली असणार, कारण त्यांनी दुसरं घर बघितलं.

माघ लागला तेव्हा चिंतू नवसीच्या अंगणात येऊन उभा राहिला. तो बराच वेळ कोंबड्यांकडे बघत होता.

"मामा," तो बुधाला म्हणाला, "धवलेरीला सांगा. नि मामी, तुमी ते... मधलं बगा आता."

नवसीनं लगेच भिंत सारवायला घेतली. चिमी हळदीच्या आधी दोन दिवस आली, पोरं घेऊन. आईला तिनं ताडी लागली का विचारलं, बकरी व्याली का विचारलं. सगळं विचारलं. हळदीच्या संध्याकाळी नवसी तांदूळ वाटायला बसली तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

"आये, चौक बायडी मावशी काडंल."

पाट्यावरचा वरवंटा थांबला.

"तिची रेघ वाकडी येते गे."

"येऊ दे वाकडी."

नवसीनं तांदूळ वाटून घेतले, नेहमीपेक्षा बारीक, फडक्यातून गाळले आणि वाटी बायडीच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. धवलेरीनं गाणं धरलं. बायडीच्या हातून चौकटीची एक बाजू खाली घसरली, घोडा कुत्र्यासारखा झाला. ती मधेमधे मागं वळून बहिणीकडं बघायची. नवसी दाराशी, गर्दीच्या मागं, पोरांना धरून उभी होती. नजरेनंसुद्धा तिनं काही सांगितलं नाही.

गाण्यात देवीचं बोलावणं आलं. बायडीनं काडी बुडवली आणि मधल्या जागेत नेली. चिमी खाली मान घालून बसली होती, शेजारी चिंतू, त्याचे हात हळदीनं पिवळे की रंगानं, कळत नव्हतं. पालघट देवी भिंतीवर उतरली. एक हात लांब, एक आखूड. पण उतरली.

नवसीच्या उजव्या हाताची बोटं काडी धरल्यासारखी पोराच्या खांद्यावर हलत होती, वर, खाली, पुन्हा वर.

"आजी, गुदगुल्या होतात," पोर म्हणालं.

"हो का," नवसी म्हणाली आणि मूठ मिटून घेतली.