दरवान भित्रा की फितूर?

निरवांगीच्या जत्रेत दरवर्षी एकच जुनं नाटक होतं. त्यात राजाचा सख्खा भाऊ राजाला कापतो आणि दारातला दरवान नुसता बघत राहतो. दरवान म्हणजे आमचा जोतीराम. राजा पडला की दरवानाला ढेकळं मारायची, ही गावची रीत. मग वर्षभर पारावर एकच वाद: दरवान भित्रा होता, की फितूर? तोंडानं शूर माणसं! एकदा तर यावरून डोकी फुटली.

यंदा जत्रेआधी कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून गावातल्या युवराजनं आपल्या धाकट्या भावावर, सोपानवर, कोयता उगारला. अख्खं गाव काठावर उभं होतं. एकटा जोतीराम मध्ये घुसला. त्याची दोन बोटं तुटून चिखलात पडली, तरी पुढचा घाव सोपानच्या मानेत बसलाच. सोपान तिथंच गेला.

जत्रेत जोतीराम पुन्हा दरवान झाला. राजा पडला, तशी लोकांनी सवयीनं ढेकळं उचलली. "भित्रा हाय! मारा त्याला!"

जोतीरामनं तीन बोटांचा हात वर केला.

"मारा की. पर आदी सांगा, कालव्यावर सोपान मेला तवा तुमी सगळी भित्री व्हता का फितूर?"