सोमवारी उघडणारा संगणक

नोकरीतली ती घटना मी आजही विसरलेलो नाही. खून नाही, दरोडा नाही. एक म्हातारा हरवला होता आणि ठाण्यातला संगणक उघडत नव्हता.

पाटण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही. संगणकाला भिणाऱ्यांतला मी नव्हतो. पण सकाळची हजेरी संपली की ठाण्यात एकच रड: लॉगिन होत नाही. जिल्ह्याहून अभियंता आला, वायर बदलली, सगळं पुसून नव्याने भरलं. पुन्हा तेच. "मशीन म्हातारं झालंय साहेब," म्हणून तो निघून गेला.

अशात एका मंगळवारी बाजारपेठेतला गाद्या भरणारा पिंजारी आला. त्याचे वडील नमाजाला म्हणून निघाले ते परतलेच नव्हते. विसराळू झाले होते; स्वतःचं नावही कधी सांगत, कधी नाही. आम्ही कागदावर मिसिंगची तक्रार दाखल केली, बिनतारी संदेश दिला, जिल्हाभर फोटो पाठवला. शेजारच्या सांगली जिल्ह्यातली नोंद मात्र संगणकच ताडून देणार, आणि तो अडलेला.

पिंजारी रोज येई. "साहेब, उघडलं का?"

"प्रयत्न चालू आहे."

"आवं, माझं कापूस पिंजायचं मशीन अब्बांच्या काळातलं हाय. रोज चालतंय."

मी पुन्हा एकदा बटणं दाबून पाहिली.

सोमवारी संगणक पहिल्या झटक्यात उघडला. मी चकित झालो, तर महिला शिपाई म्हणाली, "सोमवारी लागतंच की साहेब. सोमवारी कवा अडलंय?"

आणि माझ्यातला पोलीस जागा झाला. ज्याला आठवड्याची सुट्टी असते ते यंत्र नसतं, माणूस असतो.

"आपण कुणाच्या आयडीवर काम करतो?"

मग कळलं. नवीन आयडी मागवूनही आला नाही, म्हणून बदली होऊन गेलेल्या हवालदाराचाच आयडी सगळे वापरत होते. एका आयडीवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. हवालदार आता सांगली जिल्ह्यात, कडेगाव भागात होता. फोन लावला.

"आज सुट्टी का रं?"

"व्हय साहेब. रानात हाय, भांगलण चाललीया."

"तिकडं कुठल्या आयडीवर काम करतोस?"

"जुन्याच की. अर्ज टाकलाय, नवा आला न्हाई. एकदा उघडलं की आठवडाभर तसंच चालू ठेवतो, सुट्टीच्या आदल्या सांजलाच बंद करतो. काय झालं साहेब?"

मी उत्तर देणार तोच महिला शिपायाने भरलेली नोंद जुळली. अनोळखी वृद्ध, बुधवारी रस्त्याकडेला आजारी अवस्थेत सापडला, ग्रामीण रुग्णालयात दाखल. शुक्रवारी मृत्यू. वारस मिळाले नाहीत, मृतदेह ठेवायची सोय नाही, म्हणून काल, रविवारी दफन.

"ही नोंद कुणी भरली?" मी फोनवर विचारलं.

"मीच साहेब. लय हाका मारत हुता म्हातारा. कुणाला ते कळंना." मग त्याच्या लक्षात आलं असावं. "म्हंजी त्याची माणसं तुमच्याकडं आली हुती?" त्याने विचारलं.

तो तिकडे म्हाताऱ्याचे वारस शोधत होता आणि त्याच वेळी वारसांची नोंद इकडे त्याच्याच नावाखाली अडून पडली होती.

पिंजाऱ्याला मी स्वतः तिकडच्या कब्रस्तानात घेऊन गेलो. तिथल्या लोकांनी सगळं रीतसर केलं होतं. तो ओल्या मातीपाशी बसला. "माती बी परक्यांनीच दिली," एवढंच म्हणाला. परतताना गाडीत त्याने विचारलं, "साहेब, मी कुणाला धरू?"

मी अहवाल पाठवला, दोन्हीकडे नवे आयडी आले. हवालदारावर कारवाई करावी असं मी लिहिलं नाही. तो दुष्ट नव्हता. माझे शिपाईही नव्हते. जो तो अडलेलं काम पुढे ढकलत होता. माणूस मरायला वाईट माणसंच लागतात असं मी नोकरीभर समजत होतो. तसं नाही. एकमेकांची सोय पाहणारी चार भली माणसंही पुरतात.

आयुष्यभर मी लोकांना आरोपी दाखवत आलो. बघ, हाच तो, असं म्हणालो की समोरच्याला रडायला तरी दिशा मिळते. पिंजाऱ्याला दाखवायला माझ्याकडे कुणीच नव्हतं.