पातळ पाण्यातलं मीठ

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. पीएचडीसाठी मी कॉम्प्युटरवर मीठ विरघळवते. खारं पाणी खरोखर वागतं तसं स्क्रीनवर वागावं, म्हणून मिठाच्या कणांचा आकार किती, एकमेकांची ओढ किती, हे आकडे शोधायचे. आधी हातानेच शोधायचे मी. एक आकडा बदल, पाण्याची घनता बघ, चुकली, परत बदल. वर्ष गेलं त्यात! मग अल्गोरिदम बसवला. तो आपणच आकडे बदलतो, चूक मोजतो आणि चूक कमी होईल तिकडे सरकतो. आठवड्यात चूक जवळजवळ शून्य. मी हवेत! सोमवारी ठाण्याला कॉलेजात सरांपुढे प्रेझेंटेशन होतं. ते झालं की थिसिस लिहायला मोकळी.

रविवारी कोपरला घरी मोठ्या कौतुकाने सासऱ्यांना व्हिडिओ दाखवला. पाण्यात ठिपके फिरतात आणि हळूहळू चिकटून मिठाचा खडा होतो.

"पान्यान मीठ किती?" बाबांनी विचारलं.

"समुद्राच्या पाचपट."

"अगो, एवऱ्या पातल पान्यान मीठ कसा होल?"

सणकलीच मी. "बाबा, हे कॉम्प्युटरने काढलंय!"

"मंग त्याला मिठागरान पाठव," म्हणाले आणि चहा भुरकत बसले.

धुसफुसत पुस्तक उघडलं. खरंच की! पाचपटीला मीठ विरघळलेलंच राहायला हवं. मी अल्गोरिदमला फक्त घनता जुळवायला सांगितलेली. त्या बिचाऱ्याने तेवढीच जुळवली आणि त्यापायी कणांची ओढ भलतीच वाढवून ठेवली. रडूच आलं मला. सरांना फोन करून महिना मागून घेतला आणि पाणी किती खारं झालं की मिठाने खडा धरायचा, ही दुसरी अट अल्गोरिदमला घातली. या वेळी चूक थोडी जास्त राहिली, पण मीठ शहाण्यासारखं वागलं.

प्रेझेंटेशनला सरांनी विचारलं, "हे तपासायचं सुचलं कसं?"

"वाचनात आलं, सर," मी बेधडक ठोकून दिलं. टाळ्यासुद्धा घेतल्या.

घरी बाबांनी दारातच विचारलं, "जमला का गो?" इतकी लाज वाटली म्हणून सांगू! सगळं कबूल केलं. ते हसलेच. "माझा नाव सांगून कोन मानला असता?"

"मी मानलं ना!" म्हणत तिथेच लॅपटॉप उघडला. सरांना खरं काय ते मेलवर कळवलं, थिसिसच्या आभारांची पहिली ओळ लिहिली आणि बाबांना वाचून दाखवली: 'ही चूक माझ्या सासऱ्यांनी पकडली. ते पूर्वी मिठागरात कामाला होते.'

बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"'कामाला होते' नको लिव," म्हणाले. "मीठ पिकवाचे, असा लिव."