दुपारच्या सुस्तीचे प्राध्यापक

मी गोंदियाला मास्तर होतो तेव्हा नागपूरचे एक प्राध्यापक जवळच्या नवेगाव बांधच्या तळ्यावर यायचे. दिवसभरात माणसाचं अंग कधी तापतं, कधी निवतं, हे शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. थर्मामीटर झटकत ते आले की मासेवाल्या बायका खेकसायच्या, “काऊन जी, आमाले कुठी ताप आहे?”

संशोधनाला सरकारी मंजुरी हवी म्हणून त्यांनी गोंदियात भरदुपारी व्याख्यान दिलं. माणूस दुपारी सुस्तावतो, हे सांगत असतानाच मंजुरी देणारे इंग्रज साहेब घोरू लागले. आम्ही माना खाली घातल्या. प्राध्यापक मात्र हरखले. “हा बघा पुरावा!” म्हणत त्यांनी साहेबांच्या उघड्या तोंडात थर्मामीटर घातला.

साहेब दचकून उठले, थर्मामीटर थुंकून तरातरा निघून गेले. मंजुरीही गेली. मी सांत्वनाला जवळ गेलो. काचा वेचत प्राध्यापक हळहळले, “साहेबांनी आणखी मिनिटभर तरी झोपायचं होतं हो!”