वैजयंतीच्या सेंटरची गुप्त खिडकी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वैजयंती मनवर शेलूबाजारातल्या आपल्या ऑनलाइन सेंटरमध्ये शेषरावांचा सातबारा काढत होती. उजवा हात माउसवर, डावा प्रिंटरच्या झाकणावर. झाकण दाबून धरलं नाही तर प्रिंटर कागद गिळतो. प्रिंटर तापेपर्यंत शेषरावांना पेपर वाचायला लागतो. पेपर ते विकत घेत नाहीत, सेंटरच्या स्क्रीनवर वाचतात. वैजयंतीने पेपरची वेबसाइट उघडली. खालून एक पट्टी वर येऊ लागली: ही वेबसाइट कुकीज वापरते, वगैरे. पट्टी पूर्ण वर यायच्या आत तिने ‘सर्व स्वीकारा’ दाबलं. अकरा वर्षांच्या धंद्यात ही पट्टी तिने एकदाही वाचलेली नव्हती. पट्ट्या वाचत बसले असते तर रांग हायवेपर्यंत गेली असती, असं तिचं म्हणणं.

स्क्रीन तिने शेषरावांकडे वळवली.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं सेंटर आहे. तिथे एसी आहे, नवा प्रिंटर आहे, बसायला गादीच्या खुर्च्या आहेत. तरी लोक वैजयंतीकडे येतात, याचं कारण एकच. तिच्या पोटात गोष्ट राहते. कोणाचं कर्जप्रकरण नाकारलं, कोणाच्या मुलाचे किती विषय राहिले, कोणी मूळव्याधीचं औषध घरपोच मागवलं, हे सगळं तिच्या हातून जातं आणि सेंटरच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्या बेबीबाईने अकरा वर्षं प्रयत्न करून पाहिले. अखेर तीच सांगू लागली, “विहिरीत दगड टाकला त बुडूक तरी वाजते. वैजंतात तेबी वाजत नाई.”

शेषरावांनी बातम्या वाचायला घेतल्या. बातमीच्या मध्यभागी एक मोठा कान होता. कानामागे वाटाण्याएवढं यंत्र, आणि खाली लिहिलेलं: ‘ऐकू येत नाही? आता लपवू नका.’ शेषरावांनी दुसरी बातमी उघडायला सांगितली. उजव्या बाजूला पुन्हा कान. ते म्हणाले, सोयाबीनचा भाव दाखव. भावाच्या पानावर वर एक कान, खाली एक कान, आणि मधे भाव.

शेषरावांचा चेहरा तांबडा झाला. ते उभे राहिले.

“काहून वं वैजंता, माह्या कानाचं तुले कोनं सांगतलं?”

आवाज त्यांच्या मानाने दबका होता. रस्त्यापलीकडच्या एसीवाल्या सेंटरमधला माणूस काचेचं दार उघडून बाहेर आला. बाकावर चार गिऱ्हाइकं होती, टपरीवर बेबीबाई होती. शेषरावांच्या कानाला काही झालं आहे, हे यांपैकी एकालाही तोवर ठाऊक नव्हतं. वैजयंतीलाही नाही.

“काका, मले काय माईत तुमचं?”

“माईत नाई? मंग हे काय व्हय? मी बसलो का कान, मी उठलो का कान! घरी बायकोले नाई सांगतलं मी, अन तू फोटो लावतं?”

“ते जाहिरात हाय काका. मी नाई लावली.”

“कायची जात?”

सातबारा न घेताच ते निघाले, सरळ पलीकडे गेले आणि गादीच्या खुर्चीवर बसले. पाठोपाठ बाकावरचे दोघं उठले. त्यांना काही लपवायचं होतं असं नाही. पण लपवण्यासारखं पुढे काही निघालं तर, असा विचार त्यांनी केला असावा.

आता वैजयंतीची अडचण लक्षात घ्यायला हवी. कान कुठून आले याचा अंदाज तिला आला होता. शनिवारी दुपारी, बेबीबाई जेवायला गेलेली असताना, पुंजाजी आले होते. वय एकाहत्तर. बांधाचा वाद असो की भावाभावांची वाटणी, गावात पुंजाजींना बोलावतात. दोन्ही बाजूंचं ते तासन्‌तास ऐकतात, मधे बोलत नाहीत, मान हलवतात आणि शेवटी म्हणतात, “दोघंही समजदार हा, घ्या आटपून.” असा शांत माणूस पंचक्रोशीत नाही, असा त्यांचा लौकिक. शनिवारी त्यांनी वैजयंतीला सांगितलं, की तीन वर्षांपासून त्यांना काहीच धड ऐकू येत नाही.

“मान हालवतो मी. लोकं राजी रायतात,” ते म्हणाले. “पन आता एक गडी म्हने, तुमीच हो म्हनलं होतं. कायले हो म्हनलो, मलेच नाई मालूम.”

तिने त्यांना अर्धा तास कानाची यंत्रं दाखवली होती. सात-आठ वेबसाइटी, प्रत्येकीवर पट्टी, प्रत्येक पट्टीवर ‘सर्व स्वीकारा’. शिवाय वाशीमला दर गुरुवारी बाहेरगावहून येणाऱ्या कानाच्या डॉक्टरकडे त्यांचा नंबर लावून दिला होता.

म्हणजे शेषरावांना एवढं सांगितलं असतं की ‘काका, तुमच्याआधी दुसऱ्या कोणीतरी पाहिलं,’ तर त्यांचा पुढचा प्रश्न ‘कोणी?’ हा असता. शनिवारी दुपारी पुंजाजींना सेंटरमधून निघताना निम्म्या बाजाराने पाहिलं होतं. आपला खरेपणा सिद्ध करायला पुंजाजींचा कान चव्हाट्यावर मांडावा लागणार. न मांडावा तर चहाडखोर ठरायचं. दुपारपर्यंत बेबीबाईने खबर आणली, की शेषराव टपरीवर प्रत्येकाला सांगत आहेत: वैजंता आता फोटो लावून बदनामी करते. शेषरावांची बदनामी ते स्वतःच करत आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं असेलही. त्यांना ऐकू गेलं नसावं.

वैजयंतीने मंगरूळपीरला नवीनला फोन लावला. नवीन हा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

“वहिनी, गुराच्या कानाले बिल्ला मारते का नाई?” नवीन म्हणाला. “तसंच हाय हे. तुमी वेबसाइटीवर गेल्या का ते तुमच्या ब्राउझरले एक नंबर देते. त्याले म्हन्ते कुकी. पुन्हा गेल्या का ते नंबर वाचते: हे तेच ढोर, मांगच्या टायमाले सरकीची ढेप पाहून गेलतं.”

“पन पेपरवाल्याले काय कराच कानाच्या मशीनचं?”

“पेपरवाल्याले काईच नाई. जाहिरातवाला वेगळा. तो मशीनच्या दुकानातबी उभा, पेपरातबी उभा, भावाच्या पानावरबी उभा. त्याचा बिल्ला सगळीकडं चालते. इथं कान पायलेला नंबर तिथं दिसला का दाखव कान.”

“मंग मानूस बदलला तेबी नाई समजत त्याले?”

“बिल्ला कॉम्प्युटरले हाय वहिनी. खुर्चीत पुंजाजी बसला का शेषराव, त्याले काय माईत?”

नवीनने गावातली दोन नावं सहज घेतली होती, पण ती हीच दोन होती.

“त मंग पुसून टाकू का?” तिने विचारलं.

“पुसता येते. सेटिंगमधी जा, ब्राउझिंग डेटा हटवा, कुकीज हटवा. पन आयका, सगळे बिल्ले खराब नसते, काई बिल्ल्याईवर तर तुमी...”

वैजयंतीने फोन ठेवला आणि सगळं हटवलं. शेवटपर्यंत न वाचणारी बाई शेवटपर्यंत ऐकूनही घेत नाही, हे ओघानेच आलं.

बुधवारी सकाळी तिला नवीनचं उरलेलं वाक्य समजलं. विम्याचं पोर्टल, दाखल्यांचं पोर्टल, वीजबिल, बँक, ज्या ज्या ठिकाणी ती कित्येक महिने आतच बसलेली होती, त्या सगळ्यांनी तिला रात्रीतून बाहेर काढलं होतं. हीच ती कामाची कुकी, माणसाला ओळखून दार उघडं ठेवणारी. आता प्रत्येक दाराला पासवर्ड आणि प्रत्येक पासवर्डला ओटीपी. खाती सतीशच्या, म्हणजे नवऱ्याच्या नंबरवर होती आणि सतीश वाशीमच्या रस्त्यावर जीप चालवत होता. त्याने फोन मागे प्रवाशांकडे दिला. पहिला ओटीपी एका मास्तरांनी वाचून दाखवला. दुसरा एका बाईने, एक आकडा गाळून. तिसरा सगळ्या जीपने एका सुरात. गुप्तता राखण्यासाठी सुरू केलेल्या मोहिमेतले पहिले तीन गुप्त आकडे चौदा माणसांना तोंडपाठ झाले.

अकराच्या पुढे ती सगळ्या दारांच्या आत पोचली. मग तिने पुन्हा नवीनला फोन लावला, आणि या वेळी तो थांबेपर्यंत ऐकलं. त्यानंतर अकरा वर्षांत पहिल्यांदा पट्टी वाचली. ‘सर्व स्वीकारा’च्या शेजारी ‘सर्व नाकारा’ होतं. काही ठिकाणी ते बारीक अक्षरांत, काही ठिकाणी ‘पर्याय निवडा’च्या मागे दडवलेलं, पण होतं.

दोन वाजता शेषराव टपरीवर बसलेले दिसले. वैजयंती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काका, पाच मिनिटं या. मी हात लावत नाई. तुमीच सांगा, तुमीच पाहा. पटलं नाई त जा पलीकडं, एसीत.”

हे तिला दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा हायवेवरच्या ट्रकच्या वर आवाज काढून. बेबीबाईने स्टोव्ह बारीक केला आणि मागोमाग आली.

“काका, अशी एक वस्तू सांगा, जे शेलूबाजारात कोनाच्या बापाले लागत नाई.”

शेषरावांनी बराच विचार केला. “होडी,” ते म्हणाले.

“होडी?” बेबीबाई म्हणाली. “काहाले पायजे काका? नाल्याले गुडघाभर पानी नाई.”

“लागत नाई म्हूनच त सांगतलं! तू चाय पाय आपला.”

वैजयंतीने एका दुकानाच्या वेबसाइटवर रबरी होडी शोधली. निळी होडी, दोन वल्ही, हवा भरायचा पंप वेगळा. पट्टी आली. तिने शेषरावांना दाखवून, सावकाश, ‘सर्व स्वीकारा’ दाबलं. मग पेपर उघडला. बातमीच्या मध्यभागी, जिथे काल कान होता तिथे, निळी होडी तरंगत होती. सोयाबीनच्या भावाच्या पानावर वर होडी, खाली होडी. शिवाय वीस टक्के सूट.

“होडी तुमाले पायजे का काका?” वैजयंतीने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

“नाई.”

“मी कोनाले सांगतलं का, का शेषराव काकाले होडी पायजे?”

“मी इथंच हाव ना, तू कवा सांगशीन?”

“मंग हे कोठून आली?”

शेषराव होडीकडे पाहत राहिले. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस. बिल्ल्याची गोष्ट तिने सांगितली तेव्हा ती त्यांना अर्ध्यातच उमगली. “म्हंजे काल मी यायच्या पयले,” ते सावकाश म्हणाले, “कोनीतरी दुसऱ्यानं कानाची मशीन पायली होती.”

“हो.”

“कोनं?”

बेबीबाई हातातला कप तसाच धरून उभी होती. बाकावरची मंडळी पुढे झुकली.

“ते नाई सांगत,” वैजयंती म्हणाली.

“मी त सांगतलं ना सगळ्या गावाले माह्यं!”

“तुमचं तुमी सांगतलं. त्याचं त्यानं सांगाव.”

“अन उद्या मी इथं काई पायलं, अन कोनी तुले इचारलं?”

“तेबी नाई सांगत.”

शेषराव पुन्हा खुर्चीत बसले. बेबीबाईकडे वळून म्हणाले, “जाय वं, दूध उतू जाऊन राह्यलं.” दूध स्टोव्हवर नव्हतंच, पण ती गेली. बाकावरच्या लोकांनीही आपापले कागद चाळायला घेतले.

मग वैजयंतीने नवीनकडून शिकलेली दुसरी गोष्ट केली. ब्राउझरच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. ते दाबून तिने ‘नवीन गुप्त विंडो’ उघडली. काळी खिडकी. इथे होडी पाहिली, खिडकी बंद केली, की कुकीही गेली. ज्या वेबसाइटीवर गेलो तिला आपण गेलेले कळतं, ते लपत नाही. पण मागून येणाऱ्या माणसासाठी खुर्चीत काही सांडून राहत नाही. स्वतःच्या पोर्टलांची खिडकी वेगळी, गिऱ्हाइकांची काळी खिडकी वेगळी, प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की ती बंद. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन तिने बाहेरच्या जाहिरातवाल्यांच्या, म्हणजे तृतीय पक्षाच्या, कुकीज अडवल्या आणि होडीच्या दुकानाची आणि जाहिरातवाल्याची कुकी तेवढी वेचून पुसली. सगळ्या कुकीजवर या वेळी हात टाकला नाही.

पुढचं बोलणं ओरडून करण्यासारखं नव्हतं. तिने काळ्या खिडकीत अक्षरं बोटभर मोठी करून टाइप केलं: काका, आता बोला.

शेषरावांचे डोळे शाबूत आहेत. त्यांनी वाचलं, मागे पाहिलं, आणि बोटाने कानाकडे खूण केली.

वीस मिनिटं त्यांनी यंत्रं पाहिली. प्रत्येक पट्टीवर वैजयंतीने ‘सर्व नाकारा’ शोधून दाबलं. रांग थोडी वाढली. शेवटी त्यांनी स्वतः दोन बोटांनी टाइप केलं: पुंजाजीले कळू देजो नको. चाळीस वर्षाची दोस्ती हाय, रोज संध्याकाळी पारावर बसतो, आजवर एका शब्दानं भांडन नाई.

वैजयंतीने हे दोनदा वाचलं. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. तिला त्याची सवय आहे. डॉक्टर गुरुवारशिवाय येत नाही. तिने नंबर लावला, खिडकी बंद केली, आणि शेषरावांच्या हातात कालपासून पडलेला सातबारा दिला.

“बोलले काई?” ते गेल्यावर बेबीबाईने विचारलं.

“होडी आवडली त्याईले,” वैजयंती म्हणाली.

संध्याकाळी सतीश जीप लावून घरी आला तेव्हा दोन फोन येऊन गेले होते. पुंजाजींना तहसीलच्या कामासाठी वाशीमला जायचं होतं, शेषरावांना लेकीकडे. दोघांनीही पुढची सीट सांगून ठेवली होती, मागे माणसांच्या गलक्यात बोलता येत नाही म्हणून. सतीशने बायकोला विचारलं, दोघं मिळून जात आहेत का. ती म्हणाली, तिला काय माहीत.

उद्या गुरुवार. डॉक्टर साडेअकराला बसतात. पहिला नंबर पुंजाजींचा आहे, दुसरा शेषरावांचा. सतीशची जीप साडेनऊला सुटते, आणि ड्रायव्हरशेजारी दोन माणसं बसतात.